सीझिनकोट : घारापुरीचे खांब, ग्लॉस्टरशरचा ओढा

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांतली गावे एकमेकांची भावंडे शोभतील अशी आहेत. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, उतरती दगडी छपरे, कुंपणापलीकडे मेंढ्या. मॉरटन-इन-मार्श हे त्यातलेच एक बाजारगाव. तिथून जवळच झाडीतला एक खासगी रस्ता उताराला लागतो आणि पुढे झाडांच्या वर चक्क कांद्याच्या आकाराचा हिरवा तांब्याचा घुमट दिसतो. चार कोपऱ्यांवर छत्र्या, खाली सलग रुंद छज्जा, मधोमध दोन मजले उंच कमान. हे ग्लॉस्टरशर परगण्यातले सीझिनकोट. ब्लेनहाइमसारख्या अवाढव्य राजवाड्यांपुढे लहानच म्हणावे असे, पण पश्चिम युरोपात याच्यासारखे राहते घर दुसरे सापडणे कठीण.

या घरामागचा पैसा बंगालचा. ईस्ट इंडिया कंपनीत मोठा झालेला कर्नल जॉन कॉकरेल मायदेशी परतला आणि १७९५ मध्ये त्याने ही जमीनदारी घेतली. तीनच वर्षांत तो वारला. मग कोलकात्याच्या व्यापारात गबर झालेला त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स मालक झाला आणि १८०५ च्या सुमारास त्याने बांधकाम काढले. वास्तुरचनाकार घरातलाच होता : तिसरा भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल. काही मैलांवर डेल्सफोर्ड येथे वॉरन हेस्टिंग्जचे घर त्यानेच बांधले होते. हिंदुस्थानातून कमावून आलेल्यांची वस्तीच त्या भागात जमली होती म्हणा ना.

गंमत अशी, की सॅम्युएलने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता. त्याच्यासमोर होती चित्रे, तीही थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांची. १७८६ मध्ये हे दोघे कोलकात्याला उतरले आणि पुढची सात वर्षे देशभर हिंडून किल्ले, मशिदी, देवळे, घाट चितारत राहिले. परतल्यावर त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ ही १४४ चित्रांची मालिका छापली आणि सुखवस्तू इंग्रजांच्या दिवाणखान्यात हिंदुस्थान पोहोचला. सीझिनकोटच्या भिंती या चित्रांतूनच उभ्या राहिल्या आहेत. नमुना मुख्यतः अकबरकालीन मुघल बांधणीचा. खिडक्यांवर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी, छज्ज्याखाली आधाराचे दगडी तोडे, कठड्यावर मिनारांची टोके. दगड आजूबाजूच्या घरांपेक्षा अधिक तांबूस आहे. तो मुद्दाम तसा रंगवून घेतल्याचे सांगतात.

आत पाऊल टाकले की मात्र हिंदुस्थान संपतो. खोल्यांची मांडणी, जिना, छताचे गिलाव्यातले काम, सगळे त्या काळच्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे ग्रीक-रोमन वळणाचे. सॅम्युएल कॉकरेलने भारतीय वास्तू बांधली नाही, इंग्रजी बंगल्याला भारतीय अंगरखा घातला. छज्जाच पाहा. आपल्याकडे तो भिंतीवर ऊन येऊ नये म्हणून असतो. ग्लॉस्टरशरमध्ये उन्हाची तिरीप घरात यावी म्हणून माणसे आसुसलेली असतात! तरीही हे घर हास्यास्पद होत नाही, याचे श्रेय कॉकरेलच्या संयमाला. दक्षिणेला अर्धवर्तुळाकार वळत जाणारी काचेची ऑरेंजरी आणि तिच्या टोकाचा अष्टकोनी मंडप इतका डौलदार आहे, की नक्कल आणि अस्सल हा वाद तिथे निरर्थक वाटतो. पुढे राजा झालेला चौथा जॉर्ज युवराज असताना १८०७ मध्ये इथे येऊन गेला. ब्रायटनच्या त्याच्या प्रासादावर नंतर घुमटांची जी गर्दी झाली, तिच्यामागे या भेटीचाही वाटा मानतात. दोन्हींत निवड करायची तर मी डोळे झाकून सीझिनकोट निवडेन.

पण मराठी वाचकाने खरा वेळ द्यावा तो बागेला. बाग रचण्यात स्वतः थॉमस डॅनिएलचा हात होता, आणि त्याने हिंदुस्थान पाहिला होता, आपला मुलूखसुद्धा. १७९३ मध्ये तो मुंबईत आला तेव्हा जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर त्याने घारापुरीची लेणी पाहिली. वेल्स म्हणजे पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे काढणारा, गंगाराम तांबटांसारख्या पुण्याच्या कलावंताला हाताशी घेऊन काम करणारा. १७९५ मध्ये तो वारला. त्याने केलेली वेरूळची रेखाटने डॅनिएलने १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांशी झालेल्या १७९० च्या तहाचे मोठे चित्रही वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनिएलनेच १८०५ मध्ये पुरे केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. म्हणजे सीझिनकोटचा पाया पडत होता त्याच सुमारास डॅनिएलच्या चित्रफलकावर शनिवारवाड्यातला दरबार होता.

त्यामुळे इथल्या छोट्या ओढ्यावरचा पूल पाहून आपल्याला ओळख पटते. त्याचे जाडजूड खांब घारापुरीच्या खांबांवरून घेतलेले आहेत. वर तीच दबलेल्या उशीसारखी गोल शीर्षे. कठड्यावर नंदी बसले आहेत. पुलाखाली पाण्यातून पायदगड टाकलेले असून तिथे बसायला जागाही आहे. वरच्या अंगाला झऱ्याच्या तळ्याकाठी सूर्याचे छोटे देऊळ, खालच्या अंगाला झाडाच्या खोडाला वेटोळे घातलेला तीन फण्यांचा नाग. नंदी हलवावेत की काय असा प्रश्न निघाला तेव्हा डॅनिएलने चार्ल्स कॉकरेलला पत्रातून थेट विश्वकर्म्याचा दाखला दिला : तो इथे डोकावला तर नंदी आहेत तिथेच राहू द्या म्हणेल! घुमट मुघल, देव हिंदू, ओढा इंग्रजी. या खिचडीला शास्त्राचा आधार नाही. पण दगडाचे वजन आणि सावलीचा गारवा चित्रकाराने जागेवर जाऊन अनुभवला होता आणि तो अनुभव पुलाखाली उतरला आहे. घराच्या भिंतींत मला हे आढळत नाही.

कॉकरेलांनंतर घर १८८४ मध्ये डगडेल कुटुंबाकडे आणि १९४४ मध्ये क्लाइनवर्ट कुटुंबाकडे गेले. दक्षिणेकडची चारबागेच्या धर्तीची बाग क्लाइनवर्टांनी १९६० च्या दशकात भारत पाहून आल्यावर करवून घेतली. घरात आजही कुटुंब राहते, त्यामुळे ते ठरावीक दिवशीच खुले असते. निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात. लंडनच्या पॅडिंग्टनहून मॉरटन-इन-मार्शला थेट गाडी आहे. आणि जमल्यास आधी गेटवेवरून लाँच पकडून घारापुरीला एकदा जाऊन यावे. ते खांब डोळ्यांत असतील, तर सीझिनकोटचा पूल दुप्पट दिसेल.