जन्मभराचा कॅमेरा: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

२००८ च्या जानेवारीअखेरीस लायका या जर्मन कंपनीनं एक घोषणा केली आणि महागडे कॅमेरे बाळगणारी जगभरची मंडळी हरखून गेली. एम ८ हा कंपनीचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणारा कॅमेरा, बाजारात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. आता मालकांनी तो झोल्म्सच्या कारखान्यात पाठवायचा, सुमारे १२०० युरो मोजायचे, की त्यात कमी आवाजाचं नवं शटर आणि मागच्या पडद्यावर ओरखडा न पडणारी सफायरची काच बसवून मिळणार. तेव्हाचे प्रमुख स्टीव्हन ली यांनी याला एका कायमच्या योजनेची सुरुवात म्हटलं. तंत्र सुधारेल तसा तुमचाच कॅमेरा सुधारत जाईल, दर दोन-तीन वर्षांनी नवा घ्यायला नको.

पुढच्याच महिन्यात ली यांना कंपनीतून जावं लागलं. सप्टेंबरात तेच शटर आणि तीच काच असलेला एम ८.२ नवा कोरा दुकानात आला. मग ९ सप्टेंबर २००९ ला फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढा, ३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर असलेला एम ९ आला. एम ८ ला तो सेन्सर बसवून देण्याची योजना कधीच आली नाही. पुष्कळांनी तेव्हापासून ‘फसवलं’ हा शब्द धरून ठेवला आहे. मला तो पटत नाही. घोषणा खोटी नव्हती. कंपनीच्या हातात नसलेल्या गोष्टीचं ते आश्वासन होतं. या घोळातून जे गैरसमज रुजले, ते आजही कॅमेरा घेताना आडवे येतात.

गैरसमज: फिल्मच्या कॅमेऱ्यात जमत होतं, मग डिजिटलमध्ये का नाही?

जमत होतं हे खरंच. १९३२ मध्ये रेंजफाइंडर जोडलेली लायका २ आली, तेव्हा वेट्झलारच्या लाइट्स या लायकाच्या मूळ कारखान्यानं जुन्या गिऱ्हाइकांचे कॅमेरे घेऊन त्यांनाही रेंजफाइंडर बसवून दिला. पुढे मंद शटरवेग आले, फ्लॅशची जोडणी आली, तीही जुन्या अंगावर चढली. म्हणून विशीच्या दशकातला क्रमांक आणि पोटात पुढच्या दशकातलं यंत्र, असे कॅमेरे संग्राहकांकडे सापडतात. लींच्या डोळ्यांसमोर हीच परंपरा असणार.

पण त्या काळी चित्राचा दर्जा लेन्स आणि फिल्म मिळून ठरवत. कोडॅकनं चांगली फिल्म काढली की जगातले सगळे जुने कॅमेरे त्या दिवशी आपोआप सुधारत. डिजिटलमध्ये फिल्म कॅमेऱ्यातच चिकटवलेली असते, आणि तिच्यामागे प्रोसेसर, मेमरी, वीजपुरवठा असं सगळं बिऱ्हाड तिच्याच मापानं मांडलेलं असतं. एम ८ चा सेन्सर २७ × १८ मिलिमीटरचा, १०.३ मेगापिक्सेलचा, एम ९ चा १८ मेगापिक्सेलचा. म्हणजे दर फोटोमागे माहिती पावणेदोनपट. जुना प्रोसेसर तिला पुरा पडला नसता. शिवाय व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटी जुन्या सेन्सरच्या मापाच्या, त्याही बदलायला हव्या. वर सेन्सर लेन्सच्या बैठकीशी अचूक समांतर आणि नेमक्या अंतरावर बसवावा लागतो. मिलिमीटरच्या शतांश भागाचा फरकही फोकसमध्ये दिसतो. कारखान्याच्या रांगेत हे काम एका ठरलेल्या पद्धतीनं उरकतं. वापरून जुना झालेला एकेक कॅमेरा उघडून, तपासून, पुन्हा जुळवायचा तर कारागिराचे तासच नव्या कॅमेऱ्याच्या किमतीकडे धावतात.

एम ८ ची सर्वांत मोठी तक्रार आवाजाची नव्हतीच. काळा कोट, काळी पर्स, कुठलंही कृत्रिम धाग्याचं काळं कापड त्यात जांभळट यायचं, कारण सेन्सरवरचा इन्फ्रारेड अडवणारा थर पातळ होता. पातळ का? रेंजफाइंडरच्या लेन्स सेन्सरच्या फार जवळ येतात, कडेचे किरण तिरपे पडतात, आणि जाड काचेतून ते गेले की कोपरे बिघडतात. कंपनीनं खरेदीदारांना लेन्सवर लावायचे दोन फिल्टर फुकट दिले. १२०० युरोंच्या अपग्रेडनं शटर शांत झालं, काच कणखर झाली. काळे कोट मात्र फिल्टर काढला की जांभळेच. जे सहज बदलता येतं तेच अपग्रेडमध्ये मिळतं, आणि दुखणं नेमकं त्याच्या पलीकडे असतं.

गैरसमज: नवं मॉडेल म्हणजे जुन्याचंच कुलूप उघडलेलं, सगळा सॉफ्टवेअरचा खेळ

हा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त चिवट. कॅननच्या २००३ च्या ३०० डी मध्ये काही सोयी दडवून ठेवल्या होत्या. बाहेरच्या हौशी प्रोग्रॅमरनं फर्मवेअर बदललं आणि त्या उघड झाल्या. २००९ पासून मॅजिक लँटर्न या मोफत सॉफ्टवेअरनं कॅननच्या ५डी मार्क २ वर कंपनीनं न दिलेली व्हिडिओची साधनं आणली. २०१३ मध्ये तर मार्क ३ मधून रॉ व्हिडिओ काढून दाखवला. कंपन्यांवरचा संशय हवेतून आलेला नाही. कॅनननंही २०१७ मध्ये ५डी मार्क ४ साठी सी-लॉग ही व्हिडिओची सोय ९९ डॉलरला विकली, तीही कॅमेरा सर्व्हिस सेंटरला नेऊन. सॉफ्टवेअर टाकण्यासाठी कॅमेरा कुरिअर करायचा, हे मला आजही गमतीचं वाटतं.

तरीही फर्मवेअरला छत असतं. सेन्सरवरची माहिती किती वेगानं वाचली जाते, प्रोसेसर किती तापतो, हे चिपमध्ये ठरलेलं असतं. निकॉनचा झेड ९ घ्या. २०२१ च्या अखेरीस आलेल्या या कॅमेऱ्यात यांत्रिक शटरच नाही. सेन्सर इतका वेगवान की त्याची गरज उरली नाही. त्या वेगाच्या जोरावर एप्रिल २०२२ मध्ये नव्या फर्मवेअरनं त्याला ८.३के रॉ व्हिडिओ दिला आणि जून २०२३ मध्ये विषय चौकटीत आला की आपोआप फोटो टिपण्याची सोय. सगळं फुकट. पण ते फुकट मिळावं एवढी ताकद आत पहिल्या दिवसापासून होती, आणि तिचे पैसे मालकानं पहिल्याच दिवशी मोजले होते. स्वस्त कॅमेऱ्यात अशी मोकळी जागा सहसा ठेवलेलीच नसते.

गैरसमज: वारसदार आला की जुना वाऱ्यावर

दोन्ही तऱ्हा दिसतात, आणि एकाच वर्षातल्या. फुजीफिल्मचा एक्स १०० २०११ मध्ये विकायला आला. जानेवारी २०१३ मध्ये एक्स १००एस जाहीर झाला. त्यानंतर ऑक्टोबरात, म्हणजे जुनं मॉडेल दुकानातून जात असताना, फुजीनं पहिल्या एक्स १०० साठी मोठं फर्मवेअर काढलं. ऑटोफोकस चपळ झाला आणि फोकस पीकिंग आलं. त्यात कंपनीचा थेट नफा काय? जुन्या गिऱ्हाइकाचा विश्वास, आणि तो पुढच्या कॅमेऱ्याच्या वेळी वटतो.

त्याच ऑक्टोबरात निकॉननं डी ६१० आणला. आदल्या वर्षीच्या डी ६०० च्या सेन्सरवर डाग साठतात अशी ओरड होती. नव्या मॉडेलमध्ये शटरच बदललेलं, बाकी फरक किरकोळ. दुरुस्ती वारसदाराच्या नावानं विकायला काढली, असं डी ६०० च्या मालकांना वाटलं, आणि मला तरी त्यात त्यांची चूक दिसत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीनं हमीचा काळ संपलेल्यांनाही शटर फुकट बदलून देण्याचं जाहीर केलं. काम होतं सुटा भाग बदलण्याचंच. ते आधी करता आलं असतं.

गैरसमज: सुटे भाग जोडायचा कॅमेरा काढला की प्रश्न मिटला

रिकोनं २००९ मध्ये तो काढला. जीएक्सआर मध्ये लेन्स आणि सेन्सर एकाच बंद डब्यात. डबा बदला, बॉडी तीच. थोडे डबे आले आणि मालिका थांबली. लायकानंही त्याआधी आर ८ आणि आर ९ या फिल्म कॅमेऱ्यांना मागून जोडायचा १० मेगापिक्सेलचा डिजिटल भाग काढला होता, डेन्मार्कच्या इमाकॉनबरोबर. इमाकॉन हॅसलब्लाडमध्ये विलीन झाली आणि पुढे तो भाग बंद पडला.

खऱ्या अर्थानं जमलं ते हॅसलब्लाडलाच. २०२४ चा १०० मेगापिक्सेलचा सीएफव्ही १००सी हा मागून जोडायचा बॅक १९५७ पासूनच्या व्ही मालिकेच्या बॉडीला बसतो. जे जे म्हातारं होतं ते सगळं, म्हणजे सेन्सर, प्रोसेसर, पडदा, बॅटरी, या बॅकमध्येच आहे. बॉडी निव्वळ यांत्रिक. पण त्याचा सेन्सर ४४ × ३३ मिलिमीटरचा, आणि फिल्मची चौकट बाजूला साधारण ५५ मिलिमीटर. जुनी ८० मिलिमीटरची लेन्स त्यावर तेवढं रुंद दाखवत नाही. बॅकची किंमत चांगल्या नव्या कॅमेऱ्याएवढी, हे वेगळं सांगायला नको.

गैरसमज: अपग्रेड जाऊ दे, महाग कॅमेऱ्याची दुरुस्ती तरी कायम होते

एम ९ च्या सेन्सरवरची काच कालांतरानं गंजते. फोटोत कडं असलेले डाग उमटतात. लायकानं अनेक वर्षं सेन्सर बदलून दिले, सुरुवातीला फुकट. पण ते सेन्सर मुळात कोडॅकचे. कोडॅकनं २०११ मध्ये तो विभाग विकला, २०१४ मध्ये तो ऑन सेमिकंडक्टरकडे गेला, आणि २०२० मध्ये लायकानं सांगितलं की बदली सेन्सर संपले. जुना देऊन नवा सवलतीत घ्या, एवढाच पर्याय तेव्हा दिला. कॅमेरा जर्मनीत बनला तरी त्याचं आयुष्य न्यूयॉर्क राज्यातल्या चिपच्या कारखान्यावर टांगलेलं होतं.

मुंबईत किंवा पणजीत सेकंडहँड एम ९ समोर आला, तर बॉडीच्या चकाकीवर जाऊ नका. लेन्स एफ/१६ वर आणून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि संगणकावर मोठा करून पाहा. साधी धूळ पुसली की जाते; कडं असलेला डाग जात नाही. सेन्सर बदलल्याची कारखान्याची पावती असेल तर तिचे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. नसेल आणि डाग असतील, तर अमेरिकेत न्यू जर्सीच्या कोलारी व्हिजन या स्वतंत्र वर्कशॉपनं सेन्सर तोच ठेवून फक्त वरची काच बदलण्याचं काम हाती घेतलं होतं. भाव ठरवताना तो खर्च आणि कुरिअर धरून घासाघीस करा.