झील धरणाऱ्यांचे संगीत

अमेरिकेच्या रस्त्यावर जन्मलेले ‘डू-वॉप’ आणि गिरगावच्या वाड्यांतील समूहगायन यांत साम्य कोणते, फरक कोणता आणि दोघांच्या वाट्याला आलेले अनामिकपण कशामुळे?

ठाकुरद्वार आणि चिराबाजार यांच्या परिसरातील फणसवाडी आज तिथल्या बालाजी मंदिरामुळे आणि दाटीवाटीच्या इमारतींमुळे ओळखली जाते. आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी ही गिरगावातील नावे तेथील जुन्या बागांची आठवण करून देतात. बागा गेल्या आणि त्यांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. अरुंद खोल्या, सामाईक सज्जा, लाकडी जिना आणि मधला चौक असलेल्या या चाळींनी शहराला एक विशिष्ट राहणी दिली, तसेच एक विशिष्ट संगीतही दिले. ते एकट्याने गायचे संगीत नव्हते. आरती, भजन, मंगळागौर, मेळा आणि पोवाडा या सर्वांत समूहाचा आवाज मध्यवर्ती होता.

अशाच दाटीच्या वस्तीतून सातासमुद्रापलीकडे एक संगीतप्रकार जन्माला आला. १९४० आणि १९५० च्या दशकांत न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांतील गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुले रस्त्याच्या कोपऱ्यावर, इमारतींच्या जिन्यांत आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत जमून वाद्यांशिवाय गात असत. या गायनाला पुढे ‘डू-वॉप’ असे नाव पडले. ते नाव १९६० नंतरचे आहे आणि १९७० च्या सुमारास रूढ झाले. ज्यांनी हे संगीत घडवले, त्यांच्या ऐन भरात त्यांना हा शब्द ठाऊकही नव्हता.

तोंडानेच वाजवलेली वाद्ये

डू-वॉपची रचना समजून घेणे कठीण नाही. चार किंवा पाच गायक असतात. त्यांतला एक शब्द असलेले मुख्य गीत गातो. दोघे-तिघे मधल्या पट्टीत एकमेकांशी जुळणारे स्वर लांबवतात. एक जण खर्जात तालाचा आणि पायाभूत स्वराचा भार उचलतो. अनेकदा एखादा गायक या सर्वांच्या वर, कृत्रिम तार स्वरात तरंगत राहतो. मुख्य गायकाव्यतिरिक्त इतरांच्या तोंडी बहुधा अर्थाचे शब्द नसतात. ‘डू’, ‘वॉप’, ‘शू’, ‘बूम’ असे निरर्थक ध्वनी असतात. गिटार, बास किंवा ढोल विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांनी ती वाद्ये तोंडाने वाजवली, असे म्हटले तरी चालेल.

या गीतांपैकी बहुसंख्य गीते चार स्वरसंघातांच्या एकाच चक्रावर फिरतात. आपल्या सरगमच्या भाषेत सांगायचे तर सा-ग-प, ध-सा-ग, म-ध-सा आणि प-नी-रे हे शुद्ध स्वरांचे चार गट क्रमाने येतात आणि पुन्हा पहिल्यावर परततात. एका गटातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक गायकाला फार तर एक-दोन स्वरांचे अंतर ओलांडावे लागते. म्हणूनच संगीताचे शिक्षण नसलेली मुलेही कानाच्या आधाराने हे चक्र आत्मसात करू शकत होती.

या परंपरेची मुळे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील चौकडीच्या गायनात आहेत. १९३० च्या दशकात ओहायो राज्यातील मिल्स ब्रदर्स या भावंडांनी तोंडाने वाद्यांचे हुबेहूब आवाज काढून लौकिक मिळवला. १९३९ मध्ये इंक स्पॉट्स या गटाने उंच आणि खर्ज आवाजांच्या विरोधाचा प्रभावी वापर केला. १९४८ मध्ये बाल्टिमोरच्या ओरिओल्स या गटाचे गीत गाजले आणि त्यानंतर पक्ष्यांची नावे धारण करणाऱ्या गटांची जणू लाटच आली. १९५४ मध्ये ब्राँक्समधील कॉर्ड्स या गटाचे ‘शू-बूम’ आणि लॉस एंजेलिसच्या पेंग्विन्सचे ‘अर्थ एंजल’ लोकप्रिय झाले. १९५६ मध्ये फाइव्ह सॅटिन्स या गटाने आपले सर्वांत प्रसिद्ध गीत न्यू हेवन शहरातील एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित केले. १९६४ मध्ये ब्रिटिश बँडची लाट अमेरिकेत पोहोचली आणि डू-वॉपचा बहर ओसरला.

आपल्याकडची झील

मराठी संगीतात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारी व्यक्ती म्हणजे झीलकरी. शाहीर डफावर थाप देत पोवाड्याची ओळ म्हणतो आणि त्याच्या मागे उभे असलेले झीलकरी ओळीचा शेवट उचलून उंच स्वरात लांबवतात. त्यांचा ‘जी जी’चा घोष अर्थाने रिकामा असतो, पण तो काढून टाकला तर पोवाडा उभाच राहत नाही. त्या अवधीत शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवते आणि श्रोत्याच्या मनात मागची ओळ ठसते. तमाशातही सुरात साथ करणाऱ्या सुरत्याचे काम याच जातीचे. भजनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात. गिरणगावात, लालबाग-परळच्या वस्त्यांत, कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी रुजवलेल्या डबलबारीत तर बुवांच्या मागे बसणाऱ्यांना सरळ ‘कोरस’ असेच म्हणतात.

तोंडाने ताल धरण्याची कलाही येथे नवी नाही. मंगळागौरीच्या फुगडीत बायका श्वासाच्या झटक्यांनी जो ‘पकवा’ घालतात, त्याला कोणत्याही वाद्याची गरज पडत नाही. शास्त्रीय संगीतातील तराणा तर निरर्थक अक्षरांवरच उभा आहे.

गिरगावात या समूहस्वराला सार्वजनिक रूप मिळाले ते गणेशोत्सवामुळे. १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्या काळात पुण्यात आणि मुंबईत मेळ्यांची प्रथा रुजली. एकसारख्या पोशाखातील मुले वस्तीवस्तीत जाऊन चालीत बसवलेली पदे एका सुरात म्हणत. पदांतील राजकीय आशयामुळे मेळ्यांवर ब्रिटिश सरकारची करडी नजर असे. पुढे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने हाच समूहस्वर कामगारांच्या लढ्यात आणला. नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तो मुंबईभर घुमला.

एक फरक मात्र स्पष्ट आहे. झीलकरी, टाळकरी आणि मेळ्यातील मुले सर्व एकच स्वर गातात किंवा एकामागून एक गातात. एकाच वेळी निरनिराळे स्वर गाऊन त्यांचा संघात साधणे हे डू-वॉपचे मर्म आपल्या परंपरेत नाही. त्याला उणीव म्हणता येणार नाही. रागाची ओळख स्वरांच्या परस्पर नात्यातून, मींडेतून आणि अखंड षड्जाच्या पार्श्वभूमीवर घडते. पायाभूत स्वरसंघात सतत बदलत राहिले तर ही ओळख पुसट होते. आपल्या समूहगायनाने संघाताऐवजी संवाद निवडला.

इमारतींचाही या निवडीत काही वाटा असावा. फरशा बसवलेल्या बंदिस्त जिन्यात किंवा भुयारात आवाज भिंतींवरून परततो आणि रेंगाळतो. त्यामुळे लांबवलेले स्वर एकमेकांत मिसळतात आणि चार आवाज दहांसारखे भासतात; शब्द मात्र धूसर होतात. चाळीचा जिना लाकडी आणि चौक वरून उघडा. तेथे घुमारा कमी, पण शब्द आणि टाळेचा आघात वरच्या मजल्यापर्यंत स्पष्ट पोहोचतो. अशा जागेत ओळ आणि तिचे उत्तर हीच रचना अधिक शोभते.

दोन गल्ल्यांपलीकडची हार्मनी

तरीही स्वरसंघात गिरगावाला अपरिचित नव्हता. फणसवाडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर कवेलचे आणि डाबूलचे चर्च आहे, खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबांची घरे आहेत आणि धोबीतलावाच्या जेर महल इमारतीत गोव्याच्या गावोगावच्या मंडळींचे ‘कूड’ आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तेथील मांडो हा गीतप्रकार दोन आवाजांत, सामान्यतः तिसऱ्या स्वराच्या अंतराने गायला जातो. हे शिक्षण घेतलेले वादक पोटासाठी मुंबईत आले आणि चाळीतला ‘संवाद’ व चर्चमधला ‘संघात’ यांची भेट चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात झाली.

पुणतांब्याला जन्मलेले सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र चितळकर, यांनी चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवादकाला सोबत घेऊन १९५१ च्या ‘अलबेला’चे संगीत घडवले. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे त्यांचे गीत निरर्थक अक्षरांचा खेळ आहे. मुलांच्या मोजणीच्या बडबडीवरून ते सुचले आणि जॉन गोम्स या गोव्याच्या वादकाने त्यात कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगितले जाते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत सेबॅस्टियन डिसोझा मुख्य चालीला समांतर अशा दुसऱ्या स्वरावली लिहीत. १९५८ मध्ये अँथनी गोन्साल्विस यांनी धोबीतलावाजवळच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून राग आणि हार्मनी यांचा मेळ घातला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी गायन केले. त्याच दशकात सलील चौधरी यांच्या बॉम्बे यूथ कॉयरने भारतीय लोकगीते अनेक आवाजांत बांधली.

नाव कोणाचे?

येथवर साम्य-भेदांचा विचार झाला. परंतु दोन्हीकडच्या कथांना जोडणारा सर्वांत दुखरा धागा वेगळा आहे. समूहाने घडवलेले संगीत बाजारात जाते तेव्हा तबकडीवर एक-दोन नावांपुरतीच जागा असते.

‘शू-बूम’ कॉर्ड्सने गायले, पण त्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली ती क्रू-कट्स या गोऱ्या कॅनेडियन गटाने केलेली त्याची नक्कल. न्यूयॉर्कच्या ‘टीनेजर्स’ या पाच शाळकरी मुलांची कहाणी याहून कडवट आहे. त्यांचे ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. मुख्य गायक फ्रँकी लायमन तेव्हा तेरा वर्षांचा होता. पंचविसाव्या वर्षी, १९६८ मध्ये, अमली पदार्थांनी त्याचा बळी घेतला. गीताच्या श्रेयात तबकडीच्या व्यापाऱ्यांची नावे शिरली. गटातील हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट या दोघांनी न्यायालयात दाद मागितली. १९९२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण १९९६ मध्ये, दावा मुदतीत दाखल झाला नव्हता या कारणावरून, वरच्या न्यायालयाने तो फिरवला. मागे उभे राहून सूर धरणाऱ्यांच्या हाती शेवटी काही लागले नाही.

मुंबईतही चित्र फार निराळे नव्हते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार आणि मुख्य गायक यांची नावे झळकत. कोरसमधील गायक, वादक आणि अनेकदा संयोजकही अनामिक राहत. त्यांना ध्वनिमुद्रणाच्या सत्रागणिक मेहनताना मिळे आणि तेथेच व्यवहार संपे. १९५१ च्या ‘आवारा’तील स्वप्नदृश्य भव्य कोरसशिवाय कल्पिता येत नाही, पण त्या गर्दीतील एक तरी आवाज कोणाचा होता, हे सामान्य रसिकाला सांगता येणार नाही. अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले ते त्यांच्या स्वतःच्या कार्यामुळे नव्हे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्यातून गुरूचे नाव अमर केले, म्हणून.

काही अंशी ही उणीव भरून निघत आहे. ग्रेगरी बूथ यांच्या २००८ मधील ग्रंथामुळे चित्रपटसंगीतातील अनेक वादकांच्या मुलाखती नोंदवल्या गेल्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याने कलाकाराचा, त्याने सादर केलेल्या कलेच्या व्यापारी वापरावरील मानधनाचा हक्क मान्य केला. पण हक्क सांगण्यासाठी आधी नोंद हवी. ज्याचे नाव कुठेच लिहिलेले नाही, त्याने वीस जणांच्या कोरसमधून आपला आवाज वेगळा काढून दाखवायचा कसा?

हा प्रश्न केवळ चित्रपटसृष्टीपुरता नाही. गिरगावातील जुन्या इमारती झपाट्याने जात आहेत. मेट्रो-३ च्या गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठीही काही पाडल्या गेल्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाली. चाळींच्या जागी येणाऱ्या मनोऱ्यांत बंदिस्त काँक्रीटचे जिने असतात. त्यांतला घुमारा डू-वॉप गाणाऱ्या मुलांना हेवा वाटावा असा असतो. परंतु लिफ्ट असल्याने जिन्यात कोणी रेंगाळत नाही, आणि समूहगायनाला भिंतींपेक्षाही रेंगाळणारी माणसे अधिक लागतात.

भजनी मंडळे, डबलबारीचे बुवा आणि गणेशोत्सवाच्या आरत्या अद्याप टिकून आहेत. त्यांचे ध्वनिमुद्रण करणे आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमुळे सहज शक्य झाले आहे. अशा ध्वनिफितींवर बुवांचे नाव आवर्जून लिहिले जाते. त्याखाली पखवाज कोणाचा, झांज कोणाची आणि मागे बसून झील कोणी धरली, एवढे लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. फ्रँकी लायमनच्या साथीदारांना जे चाळीस वर्षांनी न्यायालयातही सिद्ध करून टिकवता आले नाही, ते येथे त्याच दिवशी, एका ओळीत नोंदवता येईल.