उशाशी बसायचं, पण नुसतं नाही

दोह्यातलं नजमा म्हणजे सी रिंग रोडला लागून असलेली जुनी, दाटीवाटीची वस्ती. जुन्या सामानाचा सूक हराज इथलाच. इथे एकेका खोलीत चार-सहा जणांचे बेडस्पेस असतात आणि त्यांत रत्नागिरी-रायगडपासून केरळ-नेपाळपर्यंतची पोरं राहतात. कुणी ड्रायव्हर, कुणी एसी मेकॅनिक, कुणी डिलिव्हरीवाला. अशा खोलीतला एखादा मुलगा बाइकवरून किंवा साइटवरच्या परांचीवरून डोक्यावर पडतो, तेव्हा आई-वडील समुद्रापलीकडे असतात आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभे असतात ते रूममेट. त्यांना दोन प्रश्न पडतातच. तो डोळे उघडतो पण ओळखत नाही, मग ड्यूटी संपवून रोज जाऊन बसण्याचा काही उपयोग आहे का? आणि सहा महिन्यांत सुधारला नाही तर पुढे सुधारतच नाही, हे खरं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्या भीतीपोटी फार घाईचे निर्णय होतात. अमेरिकेतल्या १८ ट्रॉमा सेंटरांमधल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करणाऱ्या ट्रॅक-टीबीआय या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर इजा झालेल्यांपैकी दोन आठवड्यांनंतर जेमतेम १२ टक्के लोकांची अवस्था बरी म्हणावी अशी होती. वर्षअखेरीला तोच आकडा ५२ टक्क्यांवर गेला. दोन आठवड्यांनी जे डोळे उघडे ठेवूनही कशालाच प्रतिसाद देत नव्हते, त्यांच्यातल्या ७८ टक्के लोकांना वर्षाच्या आत शुद्ध आली. सगळे पूर्वीसारखे झाले असं नाही. स्थळ, काळ, माणसं यांचं पूर्ण भान त्यांच्यातल्या २५ टक्क्यांनाच परत मिळालं. पण पंधराव्या दिवशी कुणी ‘आता काही राहिलं नाही’ म्हणत असेल, तर त्याच्याशी हे आकडे घेऊन भांडावं असं मला मनापासून वाटतं.

ही सुधारणा इतकी सावकाश का होते? ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या साबिना श्ट्रिख या संशोधिकेने १९५६ मध्ये अपघातानंतर दीर्घकाळ अंथरुणाला खिळून मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कवटी फुटलेली नव्हती, मोठा रक्तस्राव नव्हता, पण मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे तंतू जागोजागी नासले होते. डोकं वेगात असताना एकाएकी थांबलं किंवा गर्रकन फिरलं की हे तंतू ताणले जातात. काही लगेच तुटतात, बरेचसे पुढच्या काही तासांत आणि दिवसांत. म्हणूनच कित्येकदा सीटी स्कॅन जवळपास स्वच्छ दिसतो आणि मुलगा मात्र जागा होत नाही. आज प्रत्येक इमर्जन्सी वॉर्डात ३ ते १५ गुणांची ग्लासगो कोमा स्केल वापरतात, तिचे कर्ते टीसडेल आणि जेनेट यांची नावं डॉक्टरीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. श्ट्रिखबाईंचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. ते असायला हवं, कारण ‘स्कॅन तर चांगला आहे, मग हा उठत का नाही?’ या घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं.

त्याच्याही आधी, १९१४ मध्ये, झ्युरिकच्या फॉन मोनाकोव यांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. इजा एका जागी होते, पण तिच्याशी जोडलेले दूरचे, धडधाकट भागही गप्प होतात. मुंबईकराला हे सांगायला नको. पाणी साचतं कुर्ल्याला आणि गाडी उभी राहते कर्जतला. कर्जतचे रूळ शाबूत, गाडी शाबूत, मोटरमन जागेवर, तरी काही हलत नाही. पाणी ओसरू लागलं की आधी या दूरच्या गाड्या सुटतात. पहिल्या आठवड्यांत रुग्णात जी भराभर सुधारणा दिसते, तिच्यात मेंदूवरची सूज उतरण्याचा आणि हे गप्प भाग जागे होण्याचा मोठा वाटा असतो. पुढचा टप्पा मात्र वेगळा. जिथे रूळच वाहून गेलेत, तिथे लोकांना पनवेलवरून वळसा घालून जावं लागतं. मेंदूतही शिल्लक जोडण्यांमधून असे वळसे तयार होतात. ते औषधाने आपोआप होत नाहीत, वापराने होतात. एकदा केलेल्या कृतीने नाही, हजारदा केलेल्या कृतीने.

इथे मला नरी कॉन्ट्रॅक्टर आठवतो. मार्च १९६२, बार्बाडोसचं ब्रिजटाउन. भारताचा २८ वर्षांचा कर्णधार, डोक्यावर हेल्मेट नाही, कारण तेव्हा ते नसायचंच. चार्ली ग्रिफिथचा चेंडू उजव्या कानाच्या वर आदळला. नाका-कानातून रक्त आलं, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, सहा दिवस शुद्ध नव्हती. रक्त हवं होतं. द्यायला पुढे आले ते प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल, आणि त्यांच्याबरोबर आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर, तसंच दौऱ्यावर आलेले पत्रकार के. एन. प्रभू. हा प्रसंग खेळभावनेचं उदाहरण म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण त्याचं शरीरशास्त्रही तितकंच मोलाचं आहे. मेंदू शरीराच्या वजनाच्या फक्त दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकटा वापरतो. मार बसलेल्या मेंदूला रक्त कमी पडलं तर पहिल्या इजेवर दुसरी इजा होते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या रँडल चेस्नट यांनी दाखवलं की गंभीर इजेनंतर रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचं प्रमाण दुप्पट होतं. बोर्डे-नाडकर्णींनी बाह्या वर केल्या, तेव्हा ते मैत्री निभावत होते आणि त्याच क्षणी मेंदूवरचा एक नेमका उपचारही करत होते.

कॉन्ट्रॅक्टरच्या कवटीत पुढे धातूची पट्टी बसवली, ती तब्बल ६० वर्षांनी, २०२२ मध्ये मुंबईत काढली. तो पुन्हा खेळला. प्रथम श्रेणीचं क्रिकेट १९७०-७१ पर्यंत खेळला. कसोटी संघात मात्र त्याला पुन्हा कधीच घेतलं नाही. मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत जास्त लागतो. माणूस बरा होतो, पण त्याला परत काम देण्याचं धैर्य आजूबाजूच्यांना होतंच असं नाही. वॉरेलच्या त्या रक्ताची आठवण बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून दरवर्षी ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर घेऊन ठेवते, हे मात्र मला फार आवडतं.

‘तरुण आहे, भरून निघेल’ असं सगळेच म्हणतात. हा समज मार्गारेट केनार्ड यांच्या १९३० च्या दशकातल्या माकडांवरच्या प्रयोगांवर उभा आहे, आणि तो त्यांच्या नावानेच ओळखला जातो. खुद्द केनार्ड इतक्या ठाम नव्हत्या. लहानपणीच्या इजेचे काही परिणाम वय वाढल्यावर उघडे पडतात, हेही त्यांनी नोंदवलं होतं. विशी-पंचविशीतल्या मुलाच्या बाजूने वय असतं हे खरं. पण त्याच वयात कपाळामागचा, आवर घालणारा आणि पुढचा विचार करणारा भाग अजून पक्का होत असतो, आणि अपघातात नेमका तोच कवटीच्या खडबडीत तळावर घासला जातो. म्हणून मुलगा चालायला लागतो, बोलायला लागतो आणि मग विनाकारण संतापतो, आंघोळ टाळतो, पगार एका दिवसात उडवतो. रूममेटांनी हा त्याचा स्वभाव समजू नये. पाय मोडलेल्याच्या लंगडण्यासारखंच हेही इजेचंच लक्षण आहे.

आता पहिला प्रश्न, सोबतीचा. त्याचं उत्तर एका घरातल्या उंदरांपासून सुरू होतं. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी प्रयोगशाळेतले काही उंदीर घरी नेले. ते घरात मोकळे फिरत, मुलांबरोबर वाढले. नंतर त्यांना पिंजऱ्यातल्या उंदरांबरोबर चक्रव्यूहात सोडलं, तर घरचे सरस ठरले. १९४७ मध्ये हेबनी हे मांडलं, आणि त्यातला खरा गाभा असा की घरचे उंदीर पुढल्या प्रत्येक कोड्यागणिक आणखी सरस होत गेले. जग पाहिलेला उंदीर नव्या अनुभवातून जास्त शिकत होता! मग १९६४ मध्ये बर्कलेच्या मेरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच मोजले. खेळणी आणि सवंगडी असलेल्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या मेंदूचं बाह्यक जाड झालं होतं, एकटे ठेवलेल्यांचं नाही. एका परिषदेत हे सांगितल्यावर एक गृहस्थ उठून त्यांच्यावर ओरडले की मेंदू बदलू शकत नाही. त्या डगमगल्या नाहीत. पुढे मेंदूला इजा झालेल्या उंदरांवरही असे प्रयोग झाले आणि भरलेल्या पिंजऱ्यातले उंदीर जास्त सावरले.

पण बर्कलेच्याच गटाने आणखी एक तपासणी केली, आणि तिची आठवण कमीच लोक काढतात. नुसते सवंगडी दिले, करायला काही दिलं नाही, तर? तेवढ्याने मेंदूतला तो सगळा बदल होत नव्हता. सोबत हवी, आणि सोबतीने करायला कामही हवं.

माणसांमध्ये याचा पुरावा अजून लहान आहे, आणि तो फुगवून सांगितला जातो. २०१५ मध्ये थेरेसा पेप यांनी शिकागोत एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपघातानंतर शुद्ध न आलेल्या रुग्णांना त्यांच्याच घरच्यांनी सांगितलेल्या, दोघांनी मिळून जगलेल्या प्रसंगांच्या ध्वनिफिती हेडफोनवरून दिवसातून चार वेळा, सहा आठवडे ऐकवल्या. दुसऱ्या गटाला शांतता. आवाज ऐकणारे जास्त सजग झाले. जगभरच्या बातम्यांनी ‘आईच्या हाकेने कोमातला मुलगा उठला’ असा सूर लावला. प्रयोगात रुग्ण होते फक्त १५. हा चमत्कार नाही, एक चांगली सुरुवात आहे. आणि ती बिनखर्चाची आहे. आई गावी असली तरी व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्डिंग पाठवू शकते. ‘बाळा, ऊठ’ असं रडत म्हणण्यापेक्षा ‘गणपतीला आपण गावी आलो, तेव्हा नदीला पाणी चढलं होतं, तुझा चुलतभाऊ घसरला’ असा नेमका, दोघांना ठाऊक असलेला प्रसंग सांगावा. जे स्टेम सेलची इंजेक्शनं किंवा मेंदूची शक्तिवर्धक पावडर विकायला येतात, त्यांना मात्र दारातूनच परत पाठवावं. त्या पैशांत काही महिन्यांची फिजिओथेरपी होते.

कामाबद्दल बोलायचं तर फिनिअस गेजला न्याय दिला पाहिजे. पाठ्यपुस्तकांत तो दिसतो तो असा: १८४८, अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावरचा २५ वर्षांचा मुकादम. सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोंची लोखंडी कांब गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण शिवराळ आणि बेभरवशाचा झाला. गोष्ट तिथेच थांबवतात. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं धुंडाळून पुढचं आयुष्य उभं केलं. गेज आधी एका तबेल्यात दीड वर्ष राबला. १८५२ मध्ये चिलीला गेला आणि वाल्परायसो ते सँतियागो अशी घोडागाडी अनेक वर्षं हाकत राहिला. विचार करा, परका देश, परकी भाषा, डोंगराळ वाट, पहाटे उठून घोडे तयार करायचे, उतारूंशी नीट वागायचं, लगाम सांभाळायचे. ज्याचं डोकं ‘निकामी’ म्हणून शिकवलं जातं, तो हे रोज करत होता. मॅकमिलन यांचं म्हणणं असं की ठरलेल्या वेळांची आणि ठरलेल्या क्रमाची ही नोकरीच त्याला सावरत गेली. मला ते पटतं, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात गेजची गोष्ट चिलीपर्यंत सांगितली जावी असं वाटतं. १८६० मध्ये आकड्या येऊन तो गेला. डोक्याच्या इजेनंतर वर्षांनीही आकडी येऊ शकते, हेही त्याच्याकडून शिकावं.

तर नजमामधल्या खोलीत काय करता येईल? हमद जनरल हॉस्पिटलचं ट्रॉमा सेंटर आणि नंतर कतार रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूट आपलं काम करतात. उरलेले तास खोलीतल्यांचे. हॉस्पिटलमध्ये भेटायला एका वेळी एकानेच जावं, टीव्ही बंद ठेवावा. त्याचा हात धरून भरवण्याऐवजी चमचा त्याच्या हातात द्यावा, मग सांडू दे. दिवसाचा क्रम मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर लावावा. खोलीवर आल्यावर छोटी कामं द्यावीत: कांदा सोलणं, कपड्यांच्या घड्या, बकाल्यातून म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दूध आणणं, सुरुवातीला कुणी सोबत जाऊन. तो दहा मिनिटांत थकला तर झोपू द्यावं, तो आळस नाही. दारू आणि बाइक दोन्ही बंद, कारण सावरणाऱ्या मेंदूला दुसरा मार परवडत नाही.

कागदांचं काम कुणा एकाने अंगावर घ्यावं. इजा कामावर झाली असेल तर कतारच्या २००४ च्या श्रम कायद्यानुसार उपचाराच्या काळात सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो आणि त्यानंतरही उपचार चालू राहिले तर अर्धा. ही मुदत पगाराची आहे, मेंदूची नाही. दोन्हींची गल्लत होऊन सहाव्या महिन्याला मुलाला विमानात बसवण्याची घाई होते. भारतीय दूतावासाच्या छत्राखाली १९८४ पासून काम करणारा इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम इथे मदतीला येतो. त्याचे कार्यकर्ते हॉस्पिटलमध्ये भेटायलाही जातात.

आणि तो गावी निघालाच, तर डिस्चार्जच्या इंग्रजी कागदांबरोबर मराठीत लिहिलेली एक वही द्यावी: कोणत्या वेळी तरतरीत असतो, कशाने बिथरतो, कुठलं काम स्वतः करतो, कुठल्या कामात आठवण द्यावी लागते. गावाजवळ फिजिओथेरपी कुठे मिळेल याची चौकशी तिकीट काढण्याआधी करावी. आकडीची गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि वेळ वहीच्या पहिल्याच पानावर लिहावी, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती एक दिवसही बंद करू नये, हे घरच्यांना फोनवर दोनदा सांगावं.