आवळा लहान, गुण महान

‘आवळा देऊन कोहळा काढणे’ ही म्हण ठाऊक आहे ना? क्षुल्लक वस्तू देऊन मोठा लाभ उकळणे! पण आवळा क्षुल्लक का? १०० ग्रॅम संत्र्यात ‘क’ जीवनसत्त्व सुमारे ५० मिलिग्रॅम, पेरूत २०० च्या वर आणि आवळ्यात त्याहूनही जास्त!

हे जीवनसत्त्व आपलं शरीर बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. फार दिवस मिळालं नाही, तर हिरड्यांतून रक्त येतं, जखमा लवकर भरत नाहीत. हाच स्कर्व्ही रोग. उष्णतेने ते कमी होतं. म्हणून मोरावळ्यापेक्षा कच्चा आवळा बरा.

मग हिवाळ्यात वेफर्सच्या पाकिटाऐवजी आवळे आणा, धुवा, चिमूटभर मीठ लावून खा. आवळा देऊन आरोग्याचा कोहळा काढा!