आयईएलटीएस परीक्षेतील निबंध : तयारी कशी करावी?

परदेशात उच्च शिक्षण घेण्याची जिद्द बाळगणारे विद्यार्थी आज आपल्या वस्त्यांतूनही पुढे येत आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. परंतु तिच्यासाठी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश लागतो आणि प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागितले जातात. १९८९ साली सुरू झालेली आयईएलटीएस ही त्यांपैकी एक प्रमुख परीक्षा होय.

ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे असे तिचे चार भाग असून ० ते ९ या श्रेणीत गुण मिळतात. एकूण गुणांबरोबर प्रत्येक भागातही ठरावीक गुण हवेत, अशी अट अनेक विद्यापीठे घालतात. त्यामुळे इतर तीन भाग उत्तम जाऊनही केवळ लेखनामुळे प्रवेश हुकू शकतो.

लेखनासाठी ६० मिनिटे असतात. पहिला प्रश्न किमान १५० शब्दांचा, तर दुसरा, म्हणजे निबंध, किमान २५० शब्दांचा असतो. निबंधाचे वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट असल्याने त्याला ४० मिनिटे राखून ठेवावीत.

निबंध चार कसोट्यांवर तपासतात : विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, मुद्द्यांची सुसंगत मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण. चारही कसोट्यांना समान महत्त्व आहे. म्हणजेच अवघड शब्दांची पेरणी केल्याने निबंध चांगला ठरत नाही. बँकेच्या काउंटरवर ग्राहकाने शिल्लक विचारली असता आपण त्याला मुदत ठेवीच्या योजना सांगत बसलो, तर माहिती खरी असूनही त्याचे समाधान होत नाही. निबंधाचेही तसेच आहे. पाठ केलेला निबंध परीक्षकाच्या सहज लक्षात येतो व त्याचे गुण मिळत नाहीत.

समजा, विषय असा आहे : ‘शहरातील बसप्रवास सर्वांना मोफत असावा. आपण कितपत सहमत आहात?’ येथे बसचा इतिहास किंवा प्रदूषणाचे सर्व दुष्परिणाम कोणी विचारलेले नाहीत. प्रथम पाच मिनिटे विचार करून आपली बाजू ठरवावी. ती कोणतीही असो, गुण बाजूला नसून समर्थनाला असतात. नंतर चार परिच्छेद करावेत. पहिल्यात विषय स्वतःच्या शब्दांत मांडून आपले मत सांगावे : मोफत प्रवास फक्त विद्यार्थी व वृद्धांना असावा. दुसऱ्यात एक कारण : सर्वांना मोफत केल्यास बसदुरुस्तीला व नव्या गाड्यांना पैसा कमी पडेल. तिसऱ्यात दुसरे कारण : ज्यांना स्वतःची कमाई नाही, त्यांना सवलतीची खरी गरज आहे. प्रत्येक कारणाला एक साधे उदाहरण द्यावे. चौथ्यात दोन वाक्यांत समारोप करावा, नवा मुद्दा आणू नये. शेवटची पाच मिनिटे तपासणीसाठी ठेवावीत.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या काही चुका ठरलेल्या असतात. मराठीत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात. आपल्या ‘जरी–तरी’च्या सवयीने ‘ऑल्दो’ लिहिल्यावर पुढे ‘बट’ येते. वास्तविक दोहोंपैकी एकच पुरे. ‘विषयावर चर्चा करणे’ यावरून ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते; ‘अबाउट’ नको. ‘इन्फॉर्मेशन’ व ‘फर्निचर’ यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. आपल्या अशा चुकांची वहीत यादी करावी आणि तपासताना तेवढ्याच आधी शोधाव्यात. एवढ्यानेही फरक पडतो.

सरावासाठी आठवड्यातून दोन निबंध घड्याळ लावून लिहावेत. कागदावर परीक्षा देणार असाल तर आपल्या अक्षरात २५० शब्दांना किती ओळी लागतात, हे मोजून ठेवावे. संगणकावर शब्दसंख्या पडद्यावर दिसते. मात्र टंकलेखनाचा सराव हवा. लिहिलेला निबंध इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावा आणि चुका दुरुस्त करून तोच पुन्हा लिहावा. न तपासलेल्या दहा निबंधांपेक्षा तपासून पुन्हा लिहिलेले तीन निबंध अधिक शिकवतात.

महागडा क्लास परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. संस्थेच्या सभासदांत इंग्रजीचे शिक्षक व पदवीधर आहेत. रविवारी तासभर बसून त्यांनी चार मुलांच्या वह्या तपासल्या, तरी ती मुले तयारीनिशी परीक्षेला बसतील.