मी तर मोठ्यानेच बोलतोय!

माझ्या बाबांनी उधन्यातल्या लूमच्या खात्यात ३० वर्षं काढली. ज्यांनी खातं आतून पाहिलंय त्यांना सांगायला नको, तिथे शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. घरीही बाबांचा आवाज तसाच. ते जळगावला फोन लावायचे तेव्हा आई म्हणायची, "फोन कशाला, तसंही ऐकू जाईल."

दोन वर्षांपूर्वी हाच आवाज खाली जाऊ लागला. आई म्हणे, हे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. बाबा म्हणत, हिचे कान गेलेत. रोजची भांडणं. शेवटी आईचे कान तपासून आणले, तर ठणठणीत! मग बाबांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीतून पाहिलं, स्वरयंत्रात गाठ-बिठ काही नव्हती. पुढे न्यूरॉलॉजिस्टनी निदान केलं, पार्किन्सन्स. हात तर जेमतेम थरथरत होता!

या आजारात मेंदूतलं डोपामाइन कमी होतं, त्यामुळे हालचाली लहान होत जातात. पाऊल आखूड पडतं, अक्षर बारीक होतं आणि आवाजही. दहापैकी जवळजवळ नऊ रुग्णांना बोलण्याचा काही ना काही त्रास होतो. पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज किती मोठा निघतोय याचा हिशेब मेंदू सतत ठेवत असतो. पार्किन्सन्समध्ये हे मोजमापच बिघडतं. हळू निघालेला आवाज माणसाला नेहमीसारखा वाटतो आणि नेहमीसारखं बोलायला सांगितलं तर आपण ओरडतोय असं वाटतं. म्हणजे बाबा खोटं बोलत नव्हते. "मी तर मोठ्यानेच बोलतोय" हे त्यांच्यापुरतं खरंच होतं.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवलं. बाबा म्हणाले, "हा कोण?" मला रडूच आलं.

थेरपीची पद्धत अमेरिकेतली. लॉरेन रॅमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास ती बसवायला सुरुवात केली. ली सिल्व्हरमन नावाच्या एका रुग्ण बाईंच्या घरच्यांची एवढीच इच्छा होती की तिचं बोलणं आपल्याला ऐकू यावं. म्हणून पद्धतीला त्यांचंच नाव आहे. आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे. जीभ अशी फिरवा, ओठ तसे धरा, असली शंभर पथ्यं नाहीत. सूचना एकच, मोठ्याने! सरावही सोपा, लांब "आऽऽ", मग रोजच्या बोलण्यातली दहा वाक्यं, मग वाचन आणि गप्पा. किती जोर लावला म्हणजे आवाज नेहमीसारखा निघतो, हे मेंदूला पुन्हा शिकवायचं आणि शिकलेलं टिकावं म्हणून घोटून घ्यायचं. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. त्यात या पद्धतीने फरक पडला. तिथल्या नेहमीच्या, कमी तासांच्या थेरपीने मात्र फारसं काही साधलं नाही.

मी वाचत गेले तसं आणखी एक सापडलं. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये नोंदवलं. त्याच्याच आधारे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जेसिका ह्यूबर यांनी कानात घालायचं एक यंत्र बनवलं. रुग्ण बोलू लागला की ते कानात गर्दीचा आवाज सोडतं आणि त्याचा आवाज वर जातो. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "एवढा खर्च कशाला? मला परत खात्यात नेऊन बसव."

एक सांगते. तुमच्या आजोबांचा किंवा काकांचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर वय झालं म्हणून सोडू नका. आधी घशाचे डॉक्टर, गरज पडली तर न्यूरॉलॉजिस्ट. आणि "मोठ्याने बोला ना!" म्हणून दिवसभर चिडू नका. आम्ही चिडलो. त्याने बाबा बोलायचेच कमी झाले होते.

दहा वाक्यं बाबांनी स्वतः निवडली. त्यातलं एक रिक्षावाल्यासाठी, "उधना दरवाजा, दोन जण." एक आईसाठी, "चहात साखर घाल." डायबिटीसमुळे तिने ती बंद केली आहे. रोज संध्याकाळी ते खुर्चीत ताठ बसून, दम भरून हे वाक्य म्हणतात, आणि स्वयंपाकघरातून उत्तर येतं, "ऐकू आलं. मिळणार नाही."