आधी हाताला गणित, मग पाटीला



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तीन, चार किंवा पाच वर्षांचं धाकटं भावंड असेल. ते अजून आपल्या शाळेत येत नाही. अंगणवाडीत जातं, नाहीतर आजीजवळ असतं. आईवडील द्राक्षबागेत किंवा कांद्याच्या कामाला गेले, की त्याला सांभाळण्याचं काम तुमच्याकडेच येतं. पाहुणे आले की आपण त्याला म्हणतो, "म्हण रे एक, दोन!" ते एका दमात वीसपर्यंत म्हणून दाखवतं आणि सगळे शाबासकी देतात.

आता एक गंमत करून पाहा. त्याच्यापुढे मूठभर चिंचोके ठेवा आणि म्हणा, "यातले मला पाच दे." पुष्कळदा ते अख्खी ओंजळच तुमच्या हातावर ओतेल. मोजायला बसलंच, तर एक चिंचोका दोनदा मोजेल आणि एखादा तसाच राहून जाईल. सात मोजून झाल्यावर "किती झाले?" असं विचारलं, तर उत्तर न देता पुन्हा एकपासून सुरुवात करेल. हसू नका बरं का! या वयात असं होणं अगदी स्वाभाविक आहे.

याचा अर्थ काय? अंक म्हणता येणं ही एक गोष्ट आणि संख्या कळणं ही दुसरी. अंक गाण्यासारखे पाठ होतात. संख्या कळायला मात्र तीन गोष्टी जमाव्या लागतात. एका वस्तूला एकच अंक द्यायचा, ही पहिली. अंकांचा क्रम मोडायचा नाही, ही दुसरी. आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण वस्तू, ही तिसरी. यातली तिसरी सर्वांत अवघड. ती सांगून कळत नाही, वस्तू हाताळूनच कळते.

हे इतकं महत्त्वाचं का? पहिलीत आल्यावर बेरीज सुरू होते. पाच म्हणजे किती हेच ज्याला उमगलं नाही, त्याला पाच अधिक तीन कसे कळणार? मग ते मूल उत्तर पाठ करतं, दुसऱ्या दिवशी विसरतं आणि "मला गणित येत नाही" असं मनाशी धरून बसतं. ही भीती एकदा बसली की लवकर जात नाही. म्हणून ती बसूच नये, याची तयारी घरीच करायला हवी. त्याला पैसे लागत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात हे फार पूर्वी ओळखलं ते ताराबाई मोडक यांनी. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालशिक्षणाची परदेशी साधनं महाग. ती खेड्यात कुठून आणायची? म्हणून त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हेच शिक्षणाचं साहित्य केलं. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, असं त्यांनी ठरवलं. अंगणवाडी हा शब्द आपल्या ओळखीचा झाला तो या कामामुळे.

आता आपल्या निफाड तालुक्यात, आपल्या घरात काय काय करता येईल ते पाहू.

१) निवडणे. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात नेण्याआधी कांदा निवडतात. मोठा वेगळा, गोल्टी वेगळी. हेच काम दहाबारा कांदे घेऊन भावंडाला द्या. मोठे एका पाटीत, लहान दुसऱ्या पाटीत. पुढे तीन ढीग करायला सांगा: मोठे, मधले, लहान. सारखं काय आणि वेगळं काय हे ओळखता येणं ही गणिताची पहिली पायरी आहे.

२) जोडी लावणे. जेवायच्या वेळी म्हणा, "प्रत्येक ताटात एक वाटी ठेव." वाटी कमी पडली की ते स्वतःच म्हणेल, "अजून एक पाहिजे." अंक न म्हणताही त्याला कमी आणि जास्त कळलं, आहे ना गंमत!

३) मोजून आणणे. "दोन टोमॅटो आण," "तीन लिंबं आण," असं सांगा. आणल्यावर एकेकाला बोट लावून दोघांनी मिळून मोजा आणि शेवटी ठसक्यात म्हणा, "तीन! एकूण तीन!" तीन पक्के झाले की चार, मग पाच. घाई नको.

४) मापणे. एक पेला, एक तांब्या आणि थोडं पाणी घ्या. तांब्या भरायला किती पेले लागतील, याचा आधी अंदाज करायला सांगा, मग ओतून पाहा. घरात जुनी मापं असतील तर धान्य मापा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, हे आजीकडून ऐकण्यापेक्षा ओतून पाहिलेलं जास्त लक्षात राहतं.

५) नक्षी करणे. एक पान, एक खडा, एक पान, एक खडा अशी ओळ मांडा आणि विचारा, "आता पुढे काय येणार?" ते जमलं की दोन पानं आणि एक खडा अशी ओळ मांडा. रांगोळीतही हेच असतं.

आणखी एक प्रयोग करा. पाच-पाच बियांच्या दोन सारख्या ओळी मांडा. त्याच्यादेखत एका ओळीतल्या बिया लांब लांब सरकवा आणि विचारा, "जास्त कुठे?" चार वर्षांचं मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवील. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी असे प्रयोग करून दाखवून दिलं, की लहान मूल चूक करतं तेव्हाही ते आपल्या परीनं विचारच करत असतं. म्हणून रागावू नका. "मोजून बघू या का?" एवढंच म्हणा.

मराठी अंकांचीही एक अडचण आहे. अठ्ठावीसनंतर एकोणतीस येतो, म्हणजे तिसाला एक उणा. पण लहानग्याला त्यात तीस ऐकू येतं. याच कारणानं २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी सोपी पद्धतही दिली गेली आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. आपण एवढंच घ्यायचं: शंभरापर्यंत पाठ करवण्यापेक्षा दहापर्यंत हातानं मोजता येणं मोलाचं.

काही गोष्टी मात्र सांभाळा. लहान मुलं चिंचोके, खडे नाकात किंवा तोंडात घालतात. म्हणून खेळ संपेपर्यंत जवळून उठू नका आणि नंतर सगळं मोजून उचला. अगदी लहान भावंडाला बियांऐवजी कांदे, वाट्या द्या. पाण्याचा खेळ घरातच, पेल्या-तांब्यापुरता. हौद आणि विहिरीजवळ मुळीच नको. दहा मिनिटं पुरे. ते कंटाळलं की थांबा.

पालकांनाही एक विनंती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या पायाचं मानलं आहे. याचा अर्थ चौथ्या वर्षी पाटी गिरवून घ्या, असा नाही. भाकरी करताना, कांदा निवडताना मुलाला जवळ बसू द्या. काम थोडं उशिरा होईल, थोडी पसरापसर होईल, तेवढी सोसावी.

तर मित्रांनो, आज संध्याकाळी यातला एक खेळ करून पाहा. पंधरा दिवसांनी भावंडाकडे पुन्हा पाच चिंचोके मागा आणि काय झालं ते वर्गात सांगा. नवा खेळ सुचला असेल, तर कागदावर लिहून गुरुजींकडे किंवा बाईंकडे द्या. पुढच्या भित्तिपत्रकात तो लावू.